उलटा वर्ग आणि उलटा हिशेब

शिक्षणाच्या क्षेत्रांत दर दहा-पंधरा वर्षांनीं एखादा नवा शब्द उगवतो, आणि तो उगवला कीं जुने सर्व शब्द निस्तेज होतात. सध्यां उगवलेला शब्द ‘फ्लिप्ड क्लासरूम’ हा आहे. मराठींत त्यास ‘उलटा वर्ग’ म्हणण्यास हरकत नाहीं. जें व्याख्यान आजवर वर्गांत होत असे तें विद्यार्थ्यानें घरीं चित्रफितीवरून ऐकावें. आणि जो अभ्यास आजवर घरीं होत असे, म्हणजे उदाहरणें सोडविणें, एखाद्या धंद्याच्या अडचणीचा विचार करणें, दोन बाजूंनीं वाद घालणें, तो वर्गांत, शिक्षकाच्या डोळ्यांदेखत करावा, अशी ही रीति आहे. वाणिज्य व व्यवस्थापन शिकविणाऱ्या संस्थांना तिचें विशेष आकर्षण वाटतें. धंदा नुसता ऐकून येत नाहीं, करून येतो, हें तत्त्व त्यांना आधींपासूनच मान्य असल्यामुळें वर्गांतला वेळ ऐकण्याकडून करण्याकडे वळवावा, हें त्यांना सहज पटतें.

या रीतीचा प्रयोग झाला कीं शेवटीं विद्यार्थ्यांचें मत विचारण्याचा शिष्टाचार आहे. एक प्रश्नावली पुढें केली जाते. ही पद्धति आपणांस आवडली काय, तिच्यामुळें विषय अधिक समजला काय, पुढील सत्रांतहि ती असावी काय, अशा प्रश्नांपुढें एकापासून पांचपर्यंत आंकडे असतात. विद्यार्थी एका आंकड्यावर खूण करतो, आणि खुणांची सरासरी काढली कीं मत सिद्ध होतें. सरासरी चांगली आली तर पद्धति यशस्वी. वाईट आली तर विद्यार्थी आळशी. अशा न्यायालयांत पद्धति कधींच हरत नाहीं. आमचें म्हणणें असें आहे कीं, विद्यार्थ्यांच्या मताचा हा अर्थ लावण्यांत मोठा अन्याय होतो. आणि तो कोठें सर्वांत स्पष्ट दिसेल, तर पुणें जिल्ह्याच्या भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांत दिसेल. वेल्हे तालुक्यास आतां राजगड हें नांव मिळालें आहे. पण नांवानें चढ उतरत नाहीं, म्हणून या लेखापुरतें आम्ही लोकांच्या तोंडचें जुनें नांवच ठेवतों.

प्रतिपक्षावर अन्याय होऊं नये म्हणून प्रथम त्याची बाजू पुरी मांडणें उचित होय. मुंबईस १९१३ मध्यें सिडनॅम कॉलेज निघालें, पुण्यास १९४३ मध्यें बृहन् महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय निघालें, आणि पुढें वाणिज्यशिक्षण तालुक्याच्या गांवापर्यंत पोंचलें. हा विस्तार झाला, परंतु बहुतेक ठिकाणीं तासाचें स्वरूप काय राहिलें? अध्यापकांनीं मजकूर सांगावा आणि विद्यार्थ्यांनीं तो उतरून घ्यावा. जें छापील पुस्तकांत आहे तेंच अध्यापकांच्या मुखांतून विद्यार्थ्यांच्या वहींत जातें, आणि वाटेंत दोघांच्याहि बुद्धीला त्याचा स्पर्श होत नाहीं. परीक्षेच्या आधीं पंधरा दिवस बाजारांतील मार्गदर्शक आणलें कीं वहीचेंहि काम संपतें. असा पदवीधर नफा-तोट्याचें पत्रक पाठ म्हणून दाखवील; पण त्याच्याच चुलत्याचें किराणा दुकान कां बुडालें, हें त्यास सांगतां येणार नाहीं. या निर्जीव तासाच्या जागीं विचाराचा, वादाचा व प्रत्यक्ष आंकडेमोडीचा तास यावा, अशी ज्यांची इच्छा आहे त्यांचे आम्ही वैरी नाहीं. निर्जीव तासाची बाजू घेण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं.

शिवाय या कल्पनेचें कुळहि हलकें नाहीं. अमेरिकेंतील ओहायो राज्याच्या मायामी विद्यापीठांत मॉरीन लेज, ग्लेन प्लॅट आणि मायकेल ट्रेग्लिया या तिघांनीं अर्थशास्त्राच्या प्रारंभिक वर्गावर हा प्रयोग केला आणि २००० सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. निरनिराळ्या प्रकृतीच्या विद्यार्थ्यांना एकाच वर्गांत सामावून घ्यावें, हा त्यांचा हेतु त्या निबंधाच्या शीर्षकांतच नमूद आहे. पुढें २००७ च्या सुमारास कोलोरॅडो राज्यांतील वुडलँड पार्क या डोंगराळ गांवीं जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शाळाशिक्षकांनीं, सामने वगैरे कारणांनीं ज्यांचे तास बुडत अशा मुलांसाठीं आपलीं व्याख्यानें ध्वनिचित्रित करण्यास आरंभ केला. आणि २०१२ मधील त्यांच्या पुस्तकानें ही रीति जगभर पसरली. ज्यांच्या घरीं इंटरनेट नव्हतें अशा मुलांना हे शिक्षक व्याख्यानांच्या तबकड्या करून देत. ही लहानशी गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. डोंगरांतील त्या शिक्षकांनीं चित्रफितीबरोबरच मुलाच्या घरांत काय आहे याचीहि चौकशी केली. आमच्याकडे चित्रफीत आली. चौकशी मात्र वाटेंतल्या समुद्रांत कोठें तरी राहिली.

सरकारी पाठिंब्याचीहि उणीव नाहीं. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें महाविद्यालयें बंद झालीं आणि सर्वच शिक्षण मोबाइलवर आलें. त्यानंतर मे २०२१ मध्यें विद्यापीठ अनुदान आयोगानें मिश्र अध्यापनाविषयीं जो मसुदा मतांसाठीं प्रसिद्ध केला, त्यांत अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकविण्याची कल्पना मांडली होती, आणि मिश्र अध्यापनाच्या प्रकारांत उलट्या वर्गाचाहि निर्देश होता. आणीबाणींत जी गोष्ट नाइलाज म्हणून केली, तीच पुढें सुधारणा म्हणून मिरवूं लागली. पुरांत होडींतून प्रवास केला म्हणून कोणी पूर ओसरल्यावर रस्ते मोडीत काढीत नाहीं. शिक्षणांत मात्र तसें करण्याचा मोह अनेकांना होतो.

व्यवस्थापनशिक्षणाचे अभिमानी येथें हार्वर्डचें नांव घेतात. १९०८ मध्यें स्थापन झालेल्या तेथील व्यवसायशिक्षणाच्या शाळेंत १९२० नंतरच्या दशकांत प्रकरण-पद्धति रुजली. एखाद्या खऱ्या कारखान्याची वा पेढीची हकीकत विद्यार्थ्यानें आधीं वाचून यावी आणि वर्गांत नुसती चर्चा व्हावी, अशी ती पद्धति. आपल्याकडे १९६१ मध्यें निघालेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेनें हार्वर्डच्याच सहकार्यानें ती स्वीकारली. ‘म्हणजे उलटा वर्ग शंभर वर्षांचा जुना आहे, आणि उत्तम संस्थांत तो यशस्वी झाला आहे,’ असा युक्तिवाद केला जातो. युक्तिवाद खरा आहे, पण अर्धा. अहमदाबादचा विद्यार्थी संस्थेच्या आवारांतच राहतो. रात्रीं त्याच्या डोक्यावर दिवा असतो, हाताशीं ग्रंथालय असतें, शेजारच्या खोलींत त्याच प्रकरणाशीं झगडणारे सोबती असतात, आणि सकाळचें जेवण कोणी तरी शिजवून ठेवतें. त्याच्या बाबतींत ‘घरचा अभ्यास’ हा शब्दच खोटा आहे. तो संस्थेंतलाच अभ्यास होय, फक्त रात्रींचा. जी रीति वसतिगृहाच्या पायावर उभी राहिली, ती पाया न बांधतां दुसरीकडे उचलून नेली म्हणजे ती उभी राहीलच, असें कोणत्या वास्तुशास्त्रांत सांगितलें आहे?

आतां भोर-वेल्ह्यांत चला. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्यांचीं हीं खोरीं; रोहिडा, रायरेश्वर, राजगड, तोरणा यांच्या पायथ्यांना चिकटलेल्या वाड्या-वस्त्या; आणि भात, नाचणी, वरई हीं मुख्य पिकें. २०११ च्या जनगणनेंत भोर तालुक्याची वस्ती सुमारें १ लाख ८६ हजार, वेल्ह्याची सुमारें साडेचोपन्न हजार, आणि वेल्ह्याची ही सर्व वस्ती ग्रामीण. दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाहीं. पुणें शहर पन्नास-साठ किलोमीटरांवर आहे, म्हणजे नोकरीस बोलावण्याइतकें जवळ आणि सोयी देण्यास फार दूर.

या खोऱ्यांतून बी. कॉम. किंवा बी. बी. ए. शिकण्यास येणाऱ्या मुलाचा दिवस कसा असतो हें ठाऊक असण्यास फार मोठें संशोधन नको. वाडीपासून फाट्यापर्यंत पायीं, फाट्यापासून एस. टी. नें महाविद्यालयापर्यंत, आणि तास संपले कीं पुष्कळांच्या मागें काम असतें. कोणी महामार्गावरच्या हॉटेलांत गल्ल्यावर बसतो, कोणी दुकानांत माल मोजतो, कोणी शेजारच्या शिरवळच्या औद्योगिक वसाहतींत पाळी करतो. जो घरीं जातो त्याच्या पुढें गुरें आणि शेत असतें. मुलीची गोष्ट निराळी आहे व अधिक कठीण आहे. कारण मुलगी घरीं आली म्हणजे ती घरच्या कामासाठींच आली असें सर्व घर गृहीत धरतें. तिनें भाकऱ्या बाजूला सारून कानांत यंत्र घालून चित्रफीत पाहत बसावें, हें शिक्षण आहे कीं करमणूक आहे, याचा निवाडा तिला रोज आजीपुढें करावा लागेल. महाविद्यालयांत ती बसली असतां कोणी तिला हांक मारीत नाहीं. तो एकच वेळ निर्विवाद तिचा असतो, आणि नेमका तोच वेळ व्याख्यानास अपुरा ठरवून व्याख्यान तिच्या स्वयंपाकघरांत धाडून देण्यांत येत आहे.

ऋतूंचाहि विचार करावा. महाविद्यालयाचें वर्ष उघडतें तेव्हां या खोऱ्यांत आषाढाचा पाऊस कोसळत असतो आणि भाताची लावणी चाललेली असते. घरांतील प्रत्येक हात चिखलांत असतो. पहिल्या सत्राची परीक्षा जवळ येते तेव्हां कापणी आणि झोडणी उभी राहते. पाऊस जोराचा झाला कीं वीज जाते, वीज गेली कीं मोबाइलचा मनोराहि थकतो, आणि डोंगराच्या आडोशाच्या वाडींत तर ‘रेंज’ ही वस्तु घराच्या ठराविक कोपऱ्यांतच सांपडते. महामारीच्या काळांत सह्याद्रीच्या कुशींतील मुलें अभ्यासासाठीं टेकडीवर चढत असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांनीं कौतुकानें छापल्या. आम्हांस त्या बातम्यांत कौतुकापेक्षां आरोप अधिक दिसला. मुलाच्या जिद्दीची स्तुति केली कीं ती जिद्द त्याला कां करावी लागली, हें विचारण्याची जबाबदारी टळते.

भाषेची अडचण याहून सूक्ष्म आहे. वर्गांत उभा असलेला अध्यापक ‘डिप्रिशिएशन’ म्हणतो, समोरच्या चेहऱ्यांवर धुकें पाहतो, आणि लगेच ‘घसारा’ म्हणतो. तरी धुकें हललें नाहीं तर तो म्हणतो, ‘अरे, तुझ्या बापानें पांच वर्षांपूर्वीं घेतलेला पंप आज त्याच किंमतीला कोणी घेईल काय?’ आणि वर्गांत उजेड पडतो. ही तीन पायऱ्यांची चढण अध्यापकानें चेहरे पाहून बांधलेली असते. चित्रफितीला चेहरा दिसत नाहीं. ती पुन्हां पुन्हां पाहतां येते, हा तिचा गुण सर्व जण सांगतात. परंतु न कळलेलें इंग्रजी वाक्य दहा वेळां ऐकलें तरी तें तेंच वाक्य राहतें. शहरांतील मुलगा तेथें थांबून वडील भावाला विचारतो, शिकवणीच्या मास्तरांना विचारतो. ज्याच्या घरांत महाविद्यालयाची पायरी चढलेला तोच पहिला, त्यानें विचारावें कोणाला? दुसऱ्या दिवशीं वर्गांत चर्चा सुरू होते तेव्हां तो मागच्या बांकावर गप्प बसतो. आणि जुन्या वर्गांत त्याचें न समजणें निदान सर्वांबरोबर असे, तें आतां एकट्याचें होतें. अशा मुलानें प्रश्नावलींत ‘आवडली नाहीं’ या आंकड्यावर खूण केली, तर तें मत आळसाचें आहे असें म्हणण्यास मन फार कठोर असावें लागतें.

येथें प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप येतो, आणि तो आम्ही टाळणार नाहीं. तो असा कीं, विद्यार्थ्याला काय आवडलें यावरून तो काय शिकला हें कळत नाहीं. २०१९ मध्यें लुई डेलोरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हार्वर्ड विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाच्या प्रारंभिक वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना वर्गांत स्वतः खटपट करावयास लाविलें ते परीक्षेंत अधिक चांगले उतरले. परंतु आपण कमी शिकलों असें त्यांनाच वाटलें. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण फार शिकलों असें वाटलें, आणि ते कमी शिकले होते. मग विद्यार्थ्यांच्या कुरकुरीकडे लक्ष कां द्यावें?

आक्षेप सबळ आहे, पण तो लागू कोठें पडतो हें पाहावें. त्या अभ्यासांतील तुलना वर्गांतल्या खटपटीची आणि वर्गांतल्या व्याख्यानाची होती. दोन्ही गोष्टी वर्गांतच घडत होत्या. घरावर बोजा टाकावा असें तो अभ्यास सांगत नाहीं. विद्यार्थ्याच्या तक्रारींत दोन जाती असतात. ‘विचार करावा लागतो, डोकें दुखतें’ ही पहिली जात. ती ऐकून अध्यापकानें हंसावें आणि पुढें जावें, कारण शिकणें म्हणजे थोडें दुखणेंच होय. ‘जागा नाहीं, वेळ नाहीं, यंत्र नाहीं, विचारावयास माणूस नाहीं’ ही दुसरी जात. ती ऐकून ज्याला हंसूं येईल त्यानें शिक्षकाचा व्यवसाय सोडावा. प्रश्नावलींतील एक ते पांच आंकड्यांत या दोन्ही जाती एकाच खुणेंत मिसळून जातात, आणि मग पहिल्या जातीचें औषध दुसऱ्या जातीच्या रोग्याला पाजलें जातें.

दुसऱ्या जातीची तक्रार खरी आहे याचा पुरावाहि अमेरिकेंतूनच देतां येतो. वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें वर्ग विभागून उलट्या वर्गाची परीक्षा घेण्यांत आली, आणि तिचा निष्कर्ष २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. गणितांत तात्पुरता लाभ दिसला. अर्थशास्त्रांत दिसला नाहीं. आणि जे आधींच पुढें होते त्यांनाच लाभ अधिक मिळून पुढच्या व मागच्यांमधील अंतर वाढलें. वेस्ट पॉइंटचे विद्यार्थी एकाच आवारांत राहतात, एकाच शिस्तींत उठतात-निजतात. जेथें दिवा, जागा आणि जेवण सर्वांना सारखें, तेथें जर अंतर वाढलें, तर जेथें एकाच्या घरीं स्वतंत्र खोली आहे आणि दुसऱ्याच्या घरीं बापाच्या खिशांतला एकच मोबाइल आहे, तेथें काय होईल, याचें गणित वाणिज्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाहि सुटेल.

आणि या गणितांतच आमच्या वादाचें मर्म आहे. व्यवस्थापन शिकविणाऱ्या संस्था विद्यार्थ्याला परिव्ययशास्त्र शिकवितात. खर्च नाहींसा झाला कीं नुसता एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत गेला, हें ओळखणें हा त्या शास्त्राचा पहिला धडा. तो धडा स्वतःच्या कारभाराला लावून पाहावा. व्याख्यानाचा तास वर्गांत होतो तेव्हां जागा, दिवा, फळा आणि अध्यापकाचा वेळ हे संस्थेच्या खर्चीं पडतात. तोच तास घरीं गेला म्हणजे जागा विद्यार्थ्याच्या आईची, वीज त्याच्या बापाची, मोबाइलचा भरणा त्याच्या रोजगाराचा, आणि वेळ त्याच्या झोंपेचा. संस्थेच्या कीर्दींत या रकमा उमटत नाहींत म्हणून त्या नाहींत असें नव्हे. अध्यापकाच्या खात्यावरहि असाच एक बेनोंद खर्च पडतो. तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकाला जितके तास तितकेंच मानधन. चित्रफीत तयार करण्यांत घातलेल्या रात्रीचा तास कोणी मोजीत नाहीं. म्हणून कित्येकदां परक्याची तयार चित्रफीत पुढें केली जाते, आणि ‘स्वयंअध्ययन’ या भारदस्त शब्दानें तिच्यावर पांघरूण घातलें जातें.

भोर-वेल्ह्याला खर्चाची ही बदली नवी नाहीं. भाटघरचें धरण १९२७-२८ च्या सुमारास पुरें झालें. पाणी भोरच्या खोऱ्यांत साठलें आणि नीरेच्या कालव्यांनीं बारामती, इंदापूर, फलटणकडचीं रानें भिजलीं. पानशेतचें पाणी वेल्ह्याच्या डोंगरांत अडलें आणि पुण्याच्या नळांना आलें. कालवे झाले हें वाईट झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पूर्वेकडच्या शेतकऱ्याची तहानहि खरी होती. पण जमीन कोणाची बुडाली आणि ऊंस कोणाचा पिकला, हे दोन आंकडे एकाच पानावर मांडल्याशिवाय हिशेब पुरा होत नाहीं. महात्मा फुल्यांनीं १८८२ मध्यें हंटर आयोगापुढें जें निवेदन केलें, त्याचा मुख्य रोख हाच होता: शेतकऱ्याच्या श्रमांतून सरकारी तिजोरी भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांच्या पदरांत पडतो. त्या निवेदनाला आतां दीडशें वर्षें होत आलीं. तिजोरीचीं कुलुपें बदललीं. पैशाची वाट मात्र फारशी बदललेली नाहीं.

‘आतां प्रत्येक हातांत मोबाइल आहे,’ असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. हातांत मोबाइल असणें आणि अभ्यासासाठीं दोन तास मोबाइल असणें यांत, विहीर असणें आणि पाणी असणें यांच्याइतकें अंतर आहे. ‘जगांत पुढें स्वतःच शिकावें लागतें, मग आतांपासून संवय कां नको,’ असेंहि विचारलें जातें. संवय अवश्य हवी. पण पोहायला शिकविणारा मुलाला प्रथम उथळ पाण्यांत, आपल्या हाताच्या आधारानें शिकवितो. संवय व्हावी म्हणून पुरांत ढकलीत नाहीं. आणि ‘गांवच्या मुलांना नव्या पद्धतीपासून दूर ठेवून तुम्हीच त्यांना मागें ठेवतां,’ असा उलट आरोप आमच्यावर होईल. या आरोपाचें उत्तर नुसत्या शब्दांनीं न देतां काय करावें तें सांगूनच दिलें पाहिजे.

वर्ग उलटावा, पण तो महाविद्यालयाच्या चार भिंतींतच उलटावा. पूर्वतयारीचा तास हा वेळापत्रकांत छापलेला तास असावा. ग्रंथालय किंवा संगणकाची खोली त्या तासासाठीं उघडी असावी, चित्रफीत तेथें दाखवावी, आणि जवळ विचारावयास एक माणूस असावा. घरीं न्यावयाचें असेल तर चार पानांची मराठी पत्रिका न्यावी. ती एस. टी. मध्यें वाचतां येते, तिला वीज लागत नाहीं, आणि तींत घसाऱ्याशेजारीं डिप्रिशिएशन हा शब्दहि असला कीं इंग्रजी परीक्षेचीहि सोय होते. लावणीच्या आणि कापणीच्या पंधरवड्यांत घरच्या तयारीवर आधारलेले पाठ ठेवूं नयेत. कारखानदार मालाचा हंगाम पाहून उत्पादन आंखतो, मग शाळेनें माणसांचा हंगाम कां पाहूं नये? कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ मध्यें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि ‘कमवा व शिका’ हें तत्त्व रुजविलें. काम करणारा विद्यार्थी हा शिक्षणांतला अपवाद नसून त्याचा पाया आहे, असें मानून त्यांनीं संस्था रचली. तीच दृष्टि येथें हवी. जो मुलगा दुपारीं दुकानांत बसतो त्याचें तें दुकानच वाणिज्याची प्रयोगशाळा मानावी, आणि तेथील निरीक्षणाला अभ्यासाचें श्रेय द्यावें.

आणि वर्गांत चर्चा कशाची करावी? परक्या देशांतील मोटारींच्या किंवा शीतपेयांच्या कंपन्यांचीं प्रकरणें एखाद-दुसरीं असूं द्या. परंतु प्रकरणांची खाण या मुलांच्या पायाखालीं आहे. खोऱ्यांतला आंबेमोहोर आणि इंद्रायणी तांदूळ शेतकऱ्याकडून कोणत्या भावानें निघतो, पुण्याच्या दुकानांत कोणत्या भावानें विकला जातो, आणि मधल्या फरकांत गिरणी, अडत, वाहतूक व पिशवी यांचा वांटा किती, हें एक प्रकरण. बचतगटाच्या वहींतील थकबाकी श्रावणांत कां वाढते आणि कोणत्या महिन्यांत फिटते, हें दुसरें. जुलै २०२५ मध्यें ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत राजगड आहे. आतां गडावर येणारा पाहुणा पैसे कोठें खर्च करतो, पायथ्याच्या गुंजवणे आणि पाली या गांवांत त्यांतले किती राहतात, आणि कचरा मात्र सगळा तेथेंच कां राहतो, हें तिसरें. अशा प्रश्नांवर जो वर्ग तापेल त्यांत मागच्या बांकावरचा मुलगाहि बोलेल, कारण तेथें तो पुढच्या बांकावरच्यापेक्षां अधिक जाणतो. उलट्या वर्गाचा खरा अर्थ हाच असावयास पाहिजे: ज्ञान कोणाकडून कोणाकडे जातें तो प्रवाह कांहीं वेळ तरी उलटा व्हावा. व्याख्यानाची जागा बदलल्यानें तो उलटत नाहीं.

राहिली विद्यार्थ्यांच्या मताची गोष्ट. ती प्रश्नावली फाडून टाकावी असें आम्ही म्हणत नाहीं. प्रश्न बदलावे एवढेंच म्हणतों. ‘आवडली काय’ याच्या आधीं विचारावें: चित्रफीत कोठें पाहिली? कोणाच्या मोबाइलवर? कोणत्या वेळीं? किती वेळां अडली? न कळलें तेथें कोणाला विचारलें? त्या तासासाठीं कोणतें काम किंवा किती झोंप सोडली? आणि हीं उत्तरें मुलांचीं व मुलींचीं, गांवांत राहणाऱ्यांचीं व वाडीवरून येणाऱ्यांचीं, निरनिराळीं मांडावीं. कारण सरासरींत सर्वांत आधीं बुडतो तो दूरच्या वाडीचा विद्यार्थी. हे प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाहीं. फक्त उत्तर गैरसोयीचें आलें तर तें ऐकून घेण्याची तयारी लागते.

ही तयारी ज्या संस्थेची असेल तिनें वर्ग खुशाल उलटावा. आमचा तिला पाठिंबाच आहे. ज्या संस्थेची नसेल तिनें निदान आपल्या विद्यार्थ्यांना आळशी म्हणूं नये. जमाखर्च शिकविण्याचा धंदा करणाऱ्यानें दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेली रक्कम आपली बचत म्हणून दाखवूं नये, एवढी अपेक्षा तर तिच्याच पाठ्यपुस्तकांत लिहिलेली आहे.